घरची आरोग्यचर्चा : ज्या बाळाची कातडी टिकत नाहीं

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र आलें. गृहस्थ सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत. घरांत तीन मुलगे, सुना, नातवंडें मिळून चौदा माणसें. ‘सा. न. वि. वि.’ या जुन्या वळणानें सुरू झालेलें तें पत्र मोत्यासारख्या अक्षरांत चार पानें भरून होतें, आणि तें वाचून संपल्यावर त्या दिवशीं आम्हांस दुसरें पत्र उघडवलें नाहीं.

त्यांचा धाकट्या मुलाकडील नातू चौदा महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हां डाव्या पायाच्या घोट्याखालीं त्यास कातडीच नव्हती. लाल मांस उघडें दिसत होतें. परिचारिकेनें जेथें जेथें अंग पुसलें तेथें तेथें तासाभरांत फोड आले. घरीं आणल्यावर करदोटा बांधला, तों कमरेभोंवतीं त्याच रेषेंत कातडी निघाली; मनगट्या घातल्या, तों मनगटें सोलवटलीं. आजीनें एके सकाळीं तेल लावावयास घेतलें आणि तिच्या तळहाताला नातवाच्या पाठीची कातडी चिकटून आली. त्या दिवसापासून ती माउली त्या मुलास हात लावीत नाहीं. दूर बसून पाहते आणि सुनेला बोल लावते. सुनेनें गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं, असें तिचें म्हणणें आहे.

पत्राच्या शेवटीं तीन प्रश्न आहेत. हा रोग कोणता, व कोणाच्या दोषानें आला? एका शहरांतील एक संस्था ‘स्टेम सेल’ची चार इंजेक्शनें देऊन मूल कायमचें बरें करूं असें सांगते व नऊ लाख रुपये मागते, त्यासाठीं कोंकणांतील आंब्याची बाग विकावी काय? आणि परदेशांत अशीं मुलें बरीं झालीं असें जें छापून येतें, तें कितपत खरें? पत्रलेखकांची अनुमति घेऊन, नांवगांव गाळून, उत्तर येथें देत आहों.

या रोगाचें शास्त्रीय नांव ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’. हाइनरिख केब्नर या जर्मन त्वचारोगवैद्यानें १८८६ सालीं तें रूढ केलें. नांव जिभेस जड आहे, पण अर्थ इतकाच कीं बाह्यत्वचा सुटी होऊन फोड येणें. आपली कातडी एकपदरी नाहीं. वर बाह्यत्वचा, खालीं अंतस्त्वचा, असे दोन पदर आहेत आणि ते एकमेकांस गोधडीच्या पदरांप्रमाणें टांक्यांनीं जोडलेले आहेत. हे टांके म्हणजे निरनिराळीं प्रथिनें. वरच्या पदराच्या पेशींस बळकटी देणारें केराटिन, दोन पदरांच्या सांध्यावर बसणारें लॅमिनिन, आणि तेथून खालच्या पदरांत रुतून बसणारे, जहाजाच्या नांगराच्या दोरासारखे धागे. हे धागे सातव्या प्रकारच्या कोलाजेनाचे असतात. यांपैकीं कोणतें प्रथिन बिघडलें आहे, यावर रोगाची जात ठरते. केराटिन बिघडलें तर रोग बहुधा सौम्य. हातापायांस फोड येतात व व्रण न ठेवतां भरतात. लॅमिनिन मुळींच नसेल तर कित्येक मुलें पहिल्या दोन वर्षांतच जातात. सातवें कोलाजेन नसेल तर मूल जगतें, परंतु प्रत्येक फोड व्रण ठेवून जातो, व्रणावर व्रण चढून हातांचीं बोटें एकमेकांस जुळतात, अन्ननलिकेंतहि फोड येऊन ती अरुंद होते, रक्त कमी पडतें. आणि ऐन तारुण्यांत त्याच जुनाट जखमांतून त्वचेचा कर्करोग उद्भवण्याचें भय असतें. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटला. परंतु मुख्याध्यापकांनीं ‘लपवूं नये’ असें स्पष्ट लिहिलें आहे.

अमेरिकेंतील नोंदींवरून पाहतां दहा लक्ष जन्मांमागें सुमारें वीस मुलें या रोगाच्या कोणत्या ना कोणत्या जातीचीं असतात. पाश्चात्य देशांत त्यांना फुलपांखरी मुलें म्हणतात; पंखाला बोट लागतांच भुकटी व्हावी तशी त्यांची कातडी, म्हणून. नांव सुंदर आहे. मात्र रोज दोन-तीन तास त्यांच्या पट्ट्या सोडणाऱ्या आईनें तें ठेविलें नसावें, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. रोग स्पर्शानें पसरत नाहीं. घरांतील इतर मुलांस जवळ बसूं देण्यास कांहींच हरकत नाहीं.

आतां दोषाचा प्रश्न. ग्रहणाचा याच्याशीं संबंध नाहीं, आणि पत्रांत ज्याचा दबकत उल्लेख आहे त्या नागाच्या शापाचाहि नाहीं. प्रत्येक प्रथिनाचा कित्ता म्हणजे एक जनुक. तो मनुष्याजवळ दोन प्रतींत असतो; एक प्रत आईकडून, एक बापाकडून. सातव्या कोलाजेनाचा कित्ता तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. एक प्रत बिघडलेली व एक शाबूत असेल तर मनुष्य बहुधा पूर्णपणें निरोगी असतो. त्यास आपल्या अंगीं असें कांहीं आहे याचा पत्ताहि नसतो. अशा दोघांचें लग्न झालें, तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं दोन्ही प्रती बिघडलेल्या येण्याचा संभव चारांत एक. या रोगाचे कांहीं प्रकार एकाच बिघडलेल्या प्रतीनेंहि होतात, आणि कधीं कधीं बिघाड त्या मुलापासूनच नव्यानें सुरू होतो. म्हणून जनुकाची तपासणी केल्यावांचून कोणीहि घरबसल्या निदान सांगूं नये.

परंतु या पत्रांत एक ओळ आहे, तिच्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतों. मुख्याध्यापकांच्या सूनबाई या त्यांच्या पत्नीच्या सख्ख्या भावाच्या कन्या आहेत. म्हणजे मुलानें मामाची मुलगी केली. ही चाल आपल्याकडे देशस्थांत व इतर अनेक जातींत जुनीच आहे. बौधायनानें आपल्या धर्मसूत्रांत दक्षिणेंतील लोकांचे म्हणून जे विशेष आचार सांगितले, त्यांत ही चाल आहे. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत महाराष्ट्रांतील नात्यागोत्यांचा विचार करतांना तिची चर्चा केली आहे. चालीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. बहुसंख्य अशा जोडप्यांचीं मुलें निरोगीच निपजतात. पण ज्या घराण्यांत असा एखादा बिघडलेला कित्ता गुप्तपणें वाहत आला असेल, तेथें तो दोन्ही बाजूंनीं येऊन एका मुलांत भेटण्याचा संभव या चालीनें वाढतो.

या घरीं तसें घडलें असेल, तर बिघाड आजीबाईंच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला असला पाहिजे. तो एका बाजूनें त्यांच्या भावांत, भावाकडून सुनेंत गेला. दुसऱ्या बाजूनें खुद्द आजीबाईंत, आणि त्यांच्याकडून मुलांत. अर्धा वांटा सुनेचा, आणि अर्धा आजीबाईंच्या स्वतःच्या रक्तांतला. हें आम्ही त्यांना दुखविण्यासाठीं लिहीत नाहीं. ज्याला दोष म्हणावा असें येथें कोणीं कांहीं केलेलेंच नाहीं. कित्ता उतरतांना कोण्या पूर्वजाच्या पिढींत अक्षर चुकलें, इतकेंच. पण घरांत बोल लागतच असेल, तर तो एकट्या सुनेनें ऐकावा हें न्यायाचें नाहीं.

उपचारांकडे वळतों. ‘स्टेम सेल’ या शब्दाचा सध्यां इतका सुळसुळाट झाला आहे कीं केस गळण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सर्वांवर तोच उतारा म्हणून सांगितला जातो. मराठींत त्यांना मूलपेशी म्हणतात. ज्या पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करून आपला वंश टिकवितात व त्याच वेळीं निरनिराळ्या कामांच्या पेशींस जन्म देतात, त्या मूलपेशी. अस्थिमज्जेंतील मूलपेशी रक्त घडवितात, त्वचेंतील मूलपेशी त्वचा घडवितात. आपली बाह्यत्वचा साधारण महिन्याभरांत नवी होते, ती या दुसऱ्या प्रकारच्या जिवावर. या रोगावर दोन्ही प्रकारच्या पेशींचा उपयोग करून पाहण्यांत आला आहे. आणि दोहोंची कथा इतकी वेगळी आहे कीं तीं एका नांवाखालीं विकणें हीच पहिली फसवणूक होय.

त्वचेची कथा अमेरिकेंत सुरू होते. १९७५ सालीं हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड हे उंदराच्या एका गांठीचा अभ्यास करीत असतां त्यांना आढळलें कीं उंदराच्या विशिष्ट पेशींचा थर खालीं पसरला असेल तर त्यावर त्वचेच्या पेशी जोमानें वाढतात. शोध करावयाचा होता एक, लागला दुसरा. मग मनुष्याच्या कातडीचा टपाल तिकिटाएवढा तुकडा घेऊन त्यापासून बशीमध्यें कातडीचे मोठमोठे पापुद्रे वाढवितां येऊं लागले. १९८३ सालीं वायोमिंग प्रांतांतील पांच व सहा वर्षांचे दोन भाऊ अंगाला लागलेला रंग द्रावकानें काढीत असतां पेट घेऊन भाजले; दोघांचीहि शेंकडा पंचाण्णवाहून अधिक कातडी गेली होती. बॉस्टन येथें त्यांच्याच उरल्यासुरल्या कातडीपासून पापुद्रे वाढवून त्यांच्या अर्ध्याहून अधिक अंगावर लाविले, आणि दोघेहि वांचले. त्याआधीं इतके भाजलेलें मूल जगणें ही अशक्यप्राय गोष्ट समजली जात असे.

ग्रीन यांच्याच प्रयोगशाळेंत शिकून गेलेले मिकेले दे लुका व त्यांच्या सहकारी ग्राझिएला पेल्लेग्रिनी यांनीं इटलींतील मोदेना येथें पुढची पायरी गांठली. भाजलेल्याची कातडी मुळांत चांगली असते. पण फोडाच्या रोग्याची कातडी वाढविली तर वाढेल ती रोगटच. म्हणून बशींत असतांनाच तिच्या मूलपेशींत जनुकाची शाबूत प्रत बसवावयाची, आणि मग ती रोग्यास परत लावावयाची, अशी कल्पना निघाली. प्रत पोंचवावयाचें काम एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडून करून घेतात. २००६ सालीं त्यांनीं एका प्रौढ रुग्णाच्या दोन्ही पायांवर लाविलेल्या अशा पापुद्र्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कातडी टिकली.

त्यानंतर जें घडलें त्याबद्दल मुख्याध्यापकांनीं विचारलें आहे. २०१५ च्या जून महिन्यांत जर्मनींतील बोखुम शहरीं सात वर्षांचा एक मुलगा रुग्णालयांत आणला गेला. कुटुंब सीरियांतून आश्रयार्थ आलेलें. रोग लॅमिनिनच्या जातीचा. जखमांत जंतु शिरल्यामुळें शरीरावरील बहुतेक बाह्यत्वचा गळून पडली होती. औषधें, नाना प्रकारच्या पट्ट्या सर्व करून झालें. बापानें आपली कातडी काढून दिली, तीहि टिकली नाहीं. वेदना शमविण्यापलीकडे आतां हातीं कांहीं नाहीं, असें डॉक्टरांना वाटूं लागलें होतें. तेव्हां आईबापांनींच दुसरा कांहींहि मार्ग शोधा असा आग्रह धरला, आणि मोदेनाशीं पत्रव्यवहार झाला.

मुलाच्या जांघेंत चार चौरस सेंटिमीटर, म्हणजे जुन्या चवन्नीहून फार मोठा नव्हे, एवढा तुकडा फोडावांचून शिल्लक होता. तो मोदेनास गेला. त्यांतील मूलपेशींत शाबूत प्रत बसविली आणि पापुद्रे वाढविले. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि नंतर जानेवारी २०१६ अशा तीन वेळां शस्त्रक्रिया करून शरीराच्या शेंकडा ऐंशी भागावर, सुमारें पाऊण चौरस मीटरहून थोडी अधिक, नवी कातडी बसविली. फेब्रुवारींत मुलगा घरीं गेला. पुढें शाळेंत गेला. २०१७ च्या नोव्हेंबरांत ‘नेचर’ या नियतकालिकांत हा वृत्तांत छापून आला तेव्हां एकवीस महिने लोटले होते, आणि पांच वर्षांनंतरचा वृत्तांत २०२१ सालीं आला. त्यांतहि नवी कातडी घट्ट होती, तेथें फोड नव्हते, आणि ज्याचें भय होतें तो कर्करोगहि आढळला नव्हता.

शास्त्रज्ञांना यांतून आणखी एक गोष्ट समजली. प्रत पेशीच्या कोणत्या ठिकाणीं बसली हें वाचून त्यांना प्रत्येक पेशीचें कूळ ओळखतां आलें. एखाद्या घराण्याची वंशावळ काढावी तसें. तेव्हां दिसलें कीं लाविलेल्या असंख्य पेशींपैकीं बहुतेक कांहीं महिन्यांत झडून जातात, आणि सारें अंग अखेर थोड्याशा दीर्घायुषी मूलपेशींच्या वंशावर चालतें. म्हणजे पापुद्र्यांत या खऱ्या मूलपेशी पुरेशा नसतील तर कातडी लागते, दिसते आणि नाहींशी होते. विकत मिळणाऱ्या ‘स्टेम सेल’च्या बाटलींत काय आहे हें विचारण्याचें कारण हेंच.

या कथेंत एक मर्यादा आहे, ती वृत्तपत्रें बहुधा गाळतात. पापुद्रे अंगावर लावितां येतात. तोंडांत, अन्ननलिकेंत लावितां येत नाहींत. आणि आपल्या पत्रांतील मुलाचा रोग, वर्णनावरून पाहतां, बोखुमच्या मुलाच्या जातीचा नसून सातव्या कोलाजेनाचा दिसतो. त्या जातीसाठीं अशाच पद्धतीचे, रुग्णाच्या स्वतःच्या दुरुस्त पेशींचे पापुद्रे अमेरिकेंत ‘झेव्हास्किन’ या नांवानें २०२५ च्या एप्रिलांत मान्य झाले. अकरा रुग्णांच्या जखमांच्या त्रेचाळीस जोड्यांवर परीक्षा झाली. प्रत्येक जोडींतील एकीवर पापुद्रा लाविला, दुसरीवर नेहमींची पट्टी. सहा महिन्यांनीं पापुद्रा लाविलेल्या जखमांपैकीं शेंकडा एक्यायशीं निम्म्याहून अधिक भरल्या होत्या, पट्टीच्या शेंकडा सोळा. फळ उघड आहे. किंमत मात्र एकतीस लाख डॉलर ठेविली गेली. तिचे रुपये करून पाहण्याची आम्हांस छाती झाली नाहीं. त्याआधीं २०२३ च्या मे महिन्यांत ‘व्हायजुव्हेक’ नांवाचें जखमेवर थेंब थेंब टाकावयाचें औषध तेथें मान्य झालें आहे. ओठांवर पुळ्या उठविणारा जो विषाणू, त्याला निरुपद्रवी करून त्याच्याकरवीं सातव्या कोलाजेनाची प्रत जखमेंत पोंचवितात. यांत मूलपेशी नाहींत. म्हणूनच तें पुनः पुन्हा टाकावें लागतें.

दुसरी कथा अस्थिमज्जेची. रक्ताच्या कर्करोगांत किंवा थॅलसेमियांत दुसऱ्याची मज्जा देतात, हें आतां बहुतेक घरांत ठाऊक असतें. पण कातडीच्या रोगाला रक्ताच्या मूलपेशी काय करणार? मिनेसोटा विद्यापीठांतील जॉन वॅग्नर व याकुब टोलार यांनीं प्रथम रोगी उंदरांना निरोगी उंदरांची मज्जा दिली, तेव्हां दात्याच्या कांहीं पेशी कातडींत जाऊन सातवें कोलाजेन तयार करतात असें आढळलें. पुढें ओसाका येथील तामाई यांच्या मंडळीनें २०११ सालीं दाखविलें कीं सोललेल्या कातडींतून एक प्रथिन रक्तांत सुटतें आणि तें मज्जेंतील पेशींना जणूं हांक मारून जखमेकडे बोलावून आणतें. या मार्गाचा मोठा लाभ असा कीं रक्त जेथें जातें तेथें या पेशी जाऊं शकतात. अन्ननलिकाहि वगळली जात नाहीं.

मिनेसोटाच्या मंडळीनें २०१० सालीं सात मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो वाचतांना आकड्यांकडे नीट पहावें. एक मूल रोपणापूर्वींच हृदयविकारानें गेलें. उरलेल्या सहाहि मुलांच्या जखमा तीस ते एकशें तीस दिवसांत भरूं लागल्या व फोड कमी झाले. पांचांच्या कातडींत सातवें कोलाजेन वाढलेलें दिसलें, तरी तें नांगराचे दोर पूर्ववत् झाले नाहींत. एका मुलाच्या कातडीस पूर्वतयारीच्या औषधांनींच गंभीर इजा झाली. एक मूल, रोपण नाकारलें जाऊन व जंतुसंसर्ग होऊन, १८३ व्या दिवशीं मरण पावलें.

असें कां होतें तें समजून घ्यावें. दुसऱ्याची मज्जा रुजण्यासाठीं रोग्याची स्वतःची मज्जा आधीं तीव्र औषधांनीं जाळावी लागते. त्या आठवड्यांत शरीरांत जंतूंशीं लढणारें कोणी उरत नाहीं. चांगल्या कातडीच्या मुलासहि तो काळ कठीण. मग ज्याचें अर्धें अंग उघडें आहे त्याला किती कठीण! नंतरच्या वर्षांत त्याच मंडळीनें औषधांची तीव्रता उतरविली आणि दात्याच्या मज्जेंतीलच दुसऱ्या जातीच्या, मेसेन्कायमल म्हणतात त्या पेशी पुढें देऊं लागले. तरीहि हा उपचार पूर्णपणें बरें करणारा नव्हे. कमी करणारा आहे, आणि त्यासाठीं जीव पणाला लावावा लागतो. आईबापांनीं तो स्वीकारला तर त्यांना धाडसी म्हणावें, नाकारला तर कठोर म्हणूं नये.

या मेसेन्कायमल पेशी नुसत्या शिरेंतून, मज्जा न जाळतां, देऊन पाहण्याचा प्रयोग लंडनच्या किंग्ज कॉलेजांत झाला. २०१५ सालीं दहा मुलांचा वृत्तांत आला. प्रत्येकास तीन वेळां पेशी दिल्या. मोठा अपाय झाला नाहीं. दुखणें कमी झालें, जखमा लवकर भरल्या, असें घरच्यांनीं सांगितलें. परंतु कातडीचा तुकडा तपासला तेव्हां सातवें कोलाजेन वाढलेलें नव्हतें, आणि तुलनेसाठीं पेशी न दिलेलीं मुलें त्या प्रयोगांत नव्हतीं. दाह शमून कांहीं महिने बरें वाटत असावें, हा त्याचा सरळ अर्थ. तोहि लहान लाभ नव्हे. पण ‘कायमचें बरें’ हे शब्द त्या शास्त्रज्ञांनीं वापरलेले नाहींत.

आतां नऊ लाखांचीं चार इंजेक्शनें. त्या संस्थेचें माहितीपत्रक मुख्याध्यापकांनीं सोबत पाठविलें होतें. त्यांत पेशी कोणाच्या, कोणत्या जातीच्या, किती, आणि आजवर किती मुलांना देऊन काय झालें, यांतील एकहि गोष्ट नाहीं. उगवत्या सूर्याचें चित्र मात्र आहे. दूरध्वनीवर त्यांना असें सांगण्यांत आलें कीं मुलाच्या नाळेचें रक्त साठविलें असतें तर तेंच वापरून खर्च वांचला असता. हें वाक्य ऐकतांच उठून यावें. मुलाच्या स्वतःच्या नाळेंतील प्रत्येक पेशींत तोच बिघडलेला कित्ता आहे. मोदेनाप्रमाणें दुरुस्त केल्यावांचून ती त्यालाच परत देणें म्हणजे चुकीच्या कित्त्यावरून पुन्हा चूक गिरविणें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे २०१७ सालचे नियम स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तत्सम ठराविक रोगांसाठीं रक्ताच्या मूलपेशींचें रोपण सोडल्यास, इतर कोणताहि मूलपेशींचा उपचार मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर देतां येत नाहीं. आणि प्रयोगांत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचें मोल घेत नसतात. जेथें पैसे मागतात तेथें प्रयोग नाहीं, आणि जेथें प्रयोग नाहीं तेथें तो उपचार नियमांत बसत नाहीं. बाग विकूं नये.

त्याऐवजीं आधीं जनुकाची तपासणी करावी. खर्च बागेएवढा नाहीं. जात कळली म्हणजे पुढें काय होईल याचा अंदाज येतो, आणि उद्यां एखाद्या प्रयोगांत किंवा औषधांत या मुलास जागा मिळण्याची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच विचारला जाईल. शिवाय सूनबाईंच्या पुढील गर्भाचाहि विचार आहे. दोघांचा बिघाड निश्चित ठाऊक असेल तर अकराव्या-बाराव्या आठवड्यांत गर्भाची तपासणी करतां येते. ती करावी कीं नाहीं हा त्या दोघांचा प्रश्न आहे. आम्हीं उत्तर देऊं नये आणि चौदा माणसांच्या पंक्तींत त्याची चर्चा होऊं नये.

घरीं करावयाच्या गोष्टी मात्र सर्वांच्या हातीं आहेत. मुलाला बगलेंत हात घालून उचलूं नये. एक हात ढुंगणाखालीं, एक मानेमागें, आणि मध्यें मऊ दुपटें. करदोटा, वाळे, मनगट्या, बिंदल्या कांहीं नको. तेल चोळणें बंद. चोळण्यानेंच फोड येतात, तेल चांगलें असो वा वाईट. झबलीं जुन्या धुवट लुगड्याचीं, आणि शिवण बाहेरच्या अंगाला. चिकटपट्टी कातडीला कधींहि लावूं नये. सिलिकोनची न चिकटणारी पट्टी मिळते ती ठेवून वर सैल कापड गुंडाळावें. आलेला फोड वाढत जातो, म्हणून निर्जंतुक सुईनें कडेला टोंचून आंतील पाणी निघूं द्यावें, पण वरची कातडी फाडूं नये. तीच जखमेचें पांघरूण. भात मऊ, गुरगुट्या आणि कोमट. ज्या जखमा महिनोन्महिने भरत नाहींत त्या मूल मोठें होईल तसतशा त्वचारोगतज्ज्ञांस वारंवार दाखवाव्या. पट्टी बदलण्यापूर्वीं डॉक्टरांनीं दिलेलें वेदनाशामक वेळेवर द्यावें. मूल रडतें याची संवय होते असें कित्येकांस वाटतें, पण त्या मुलास होत नाहीं.

हा मजकूर छापखान्यांत जाण्यापूर्वीं मुख्याध्यापकांचें दुसरें पत्र आलें. तपासणीचा अहवाल मिळाला आहे. सातव्या कोलाजेनाचाच रोग. दोन्ही प्रतींत एकच बिघाड. आईबाप दोघांची तपासणी झाली, तेव्हां आजीबाईंनीं स्वतःहून आपलेंहि रक्त तपासावयास दिलें. त्यांच्यांतहि एक प्रत तीच निघाली. ‘घरांत दोन दिवस कोणी फार बोललें नाहीं,’ एवढेंच मुख्याध्यापक लिहितात. तिसऱ्या दिवशीं आजीबाईंनीं पेटींतील जुनें लुगडें काढून सहा झबलीं शिवलीं. पट्टी सोडतांना आतां त्या कोमट पाण्याचा तांब्या घेऊन सुनेजवळ बसतात. हात अजून कांपतो.

त्यांनीं आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. मुलाला पांच वर्षांची बहीण आहे. पुढेंमागें मज्जा देण्यास ती उपयोगी पडेल काय? मज्जा जुळण्याचे कित्ते सहाव्या गुणसूत्रावर, रोगाचा तिसऱ्यावर. म्हणून सख्खें भावंड जुळण्याचा संभव चारांत एक, निरोगी असण्याचा चारांत तीन, आणि दोन्ही एकत्र येण्याचा सोळांत तीन. मुलगी निरोगी आहे हें दिसतच आहे, तेव्हां तिच्यापुरता चारांत एक उरला. परंतु रोपणाचा निर्णय प्रत्यक्ष समोर येईपर्यंत तिच्या दंडाला सुई लावण्याचें कारण नाहीं, आणि आपण भावासाठीं राखून ठेविलेली आहों असें तिच्या कानीं पडूं देऊं नये.

दुसरी गोष्ट आजीबाईंची. बारशाला कान टोचावयाचे राहिले होते व जावळहि व्हावयाचें आहे. दोन्ही आतां उरकावीं काय? कान टोचूं नयेत. जावळ वस्तऱ्यानें न काढतां आईनें मांडीवर घेऊन बोथट टोंकाच्या कात्रीनें, एका वेळीं थोडथोडें, कापावें.